सोयाबीन आपल्या रानात, तेल इंडोनेशियाचं, हे गणित कुणी समजावेल का?

औसेकर_सध्या_पुण्यात:
२०२४ च्या दिवाळीला गावी होतो. वडिलांनी सोयाबीनचे २२ कट्टे मोंढ्यावर नेले, पट्टी आली क्विंटलला ४१५० ने, तेव्हाचा हमीभाव ४८९२. त्याच संध्याकाळी आईनं तेलाची पिशवी आणायला सांगितली, मागं वाचलं तर पामोलिन, म्हणजे बाहेरून आलेलं पाम तेल! त्याच सप्टेंबरमध्ये केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात ड्यूटी लावली तेव्हा तेल लगेच महाग झालं, सोयाबीन मात्र दोन दिवस हललं आणि परत खाली. वडील म्हणतात व्यापारी लुटतात, तेवढंच असेल असं मला वाटत नाही. व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान नको प्लीज.

प्लांटवाला:
१० वर्षं सोया प्लांटच्या लॅबमध्ये आहे. दादा, सोयाबीन तेलाचं पीक आहे हे आधी डोक्यातून काढा. १०० किलोत तेल १८ किलो, बाकी बहुतेक पेंड म्हणजे आमची डीओसी. ती पोल्ट्रीला जाते नाहीतर बाहेर, आणि बाहेर अर्जेंटिना-ब्राझीलचा माल आपल्यापेक्षा स्वस्त. ड्यूटी तेलावर लागली, पेंडीला कोण विचारतंय? त्यात आता इथेनॉलच्या कारखान्यातला मक्या-तांदळाचा चोथा, डीडीजीएस, पोल्ट्रीवाल्यांना स्वस्तात मिळायला लागला मग पेंड कशाला घेतील. आणि १०-२-२ तर तुम्हाला माहितीच असेल, मॉइश्चर १० टक्के, माती २, डागी २, त्याच्यावर गेलं की कटती. २०२१ आठवा, भाव १० हजारांच्या घरात गेला, पोल्ट्रीवाले ओरडले, १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी मिळाली आणि नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर. जीएम सोयाबीन आपल्याकडं पेरायला बंदी, पण त्याची पेंड तेव्हा आणायला चालली, आता बोला.

ठाण्याची_मावशी:
शेतकऱ्याचं दुखणं कळतं हो, पण आमच्या चाळीत अजून पाव किलो सुटं तेल घेणारी घरं आहेत. देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, वर्षाला दीडशे लाख टनांच्या वर. २०२२ ला इंडोनेशियानं तीन-साडेतीन आठवडे पाम तेलाची निर्यात बंद केली तेव्हा काय धावपळ झाली विसरलात का? पामच्या एका हेक्टरातून तीन-चार टन तेल निघतं, आपल्या सोयाबीनच्या हेक्टरातून दोनशे किलो मिळालं तरी पुष्कळ. स्वस्त तेल बंद करा म्हणणं सोपं आहे, भजी कोण तळणार?

नकाशेवाला:
मावशी, स्वस्त मिळतंय ना मग घ्या, हेच हैतीला, कॅरिबियनमधल्या त्या गरीब देशाला, सांगितलं होतं. १९९५ ला तिथं तांदळावरची ड्यूटी ३ टक्क्यांवर आणली, अमेरिकेचा सबसिडीवाला तांदूळ घुसला, लोक त्याला मियामी राइस म्हणायचे, आणि तिथला भात पिकवणारा शेतकरी बसला. २००८ ला जगात भाव भडकले तेव्हा तिथं दंगली होऊन पंतप्रधानाला जावं लागलं. पुढं २०१० मध्ये खुद्द अमेरिकेचा माजी अध्यक्ष क्लिंटन यानं तिथल्या सिनेटच्या समितीपुढं चूक कबूल केली, आपल्या आर्कान्सा राज्यातल्या शेतकऱ्यांचं भलं झालं पण हैतीचं नाही म्हणून. जगात कोट्यवधी लोक उपाशी आहेत ते धान्य नाही म्हणून थोडेच, खिशात पैसे नाहीत म्हणून. आणि खेड्यात पैसा येतो तो विकलेल्या मालाचाच ना.

बार्शीचा_घाणा:
आमच्याकडं ज्वारीच्या कडेनं करडई असायची, काट्यामुळं जनावर आत शिरत नव्हतं, कोवळ्या पाल्याची भाजी, बी घाण्यावर, पेंड म्हशीला. वर्षाचं तेल घरचं. सोयाबीन आलं आणि रोख पैसा दिसला, कुणाला दोष द्यायचा, मीसुद्धा पेरलंच की. आता परत लाकडी घाणा टाकलाय पण तेल पामोलिनच्या दुप्पट-अडीचपट भावानं जातं, घेणारे सगळे पुण्या-मुंबईचे, गावातलं कुणी घेत नाही. बाकी ओलीवर येणारं पीक आहे, पाणी नसलं तरी चालतं. औसेकर, पुढच्या रब्बीला एक एकर करून बघा.

औसेकर_सध्या_पुण्यात:
सगळ्यांना थँक्यू, डीओसीचं तर मला काहीच माहिती नव्हतं. करडईचं वडिलांना फोनवर सांगितलं. म्हणाले पेरतो की, पण काटे हातात घुसतात, कापायला बाई मिळत नाही, तू येणार का सुट्टी काढून?