ठाण्यातील फ्लॅटमध्ये कमी देखभालीचा सरडा किंवा बेडूक पाळायचा आहे, कोणता निवडावा?

वाघबीळकर (ठाणे)

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सरडा, पाल किंवा बेडूक यांपैकी काहीतरी पाळायचे आहे आणि तिचा हा हट्ट वर्षभर टिकून असल्यामुळे आम्ही आता गांभीर्याने विचार करत आहोत. आम्ही नवरा-बायको दिवसभर नोकरीनिमित्त बाहेर असतो. घरी फक्त सासूबाई असतात आणि त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. हॉलमध्ये काचेची एक टाकी ठेवण्यापुरती जागा आहे, मात्र दिवसभर एसी चालू ठेवणे परवडणार नाही. दुकानात आम्हाला इग्वाना (मोठा सरडा), लेपर्ड गेको, क्रेस्टेड गेको (दोन्ही पालीचे प्रकार) आणि अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यात राहणारा उभयचर) दाखवले आणि चारही प्राणी सांभाळायला सोपे असल्याचे सांगितले, त्यामुळे उलट शंकाच वाढली. आमचे घर शाकाहारी आहे, त्यामुळे खाद्य म्हणून जिवंत किडे घरात आणण्याबाबत सासूबाई नाराज आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

खारघरचा गेकोवाला

नमस्कार ताई. प्राणी सोपा की अवघड, हे त्याच्या जातीपेक्षा आपल्या घरातील हवेवर अधिक ठरते. त्याला लागणारे तापमान आणि दमटपणा आपल्या घरात मुळातच असेल तर काम हलके होते. नसेल तर वर्षभर वीज, यंत्रे आणि काळजी यांवर खर्च होत राहतो.

या कसोटीवर अ‍ॅक्सोलॉटल लगेच बाद होतो. तो मेक्सिकोतील झोचिमिल्को परिसरातील थंड पाण्यातला प्राणी असून त्याला साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टाकीतले पाणी तीस अंशांच्या आसपास जाते, म्हणजे चिलर घ्यावाच लागतो आणि वीज गेली की तोही निरुपयोगी ठरतो. इग्वाना पिल्लू असताना तळहातावर मावतो, पण पूर्ण वाढल्यावर शेपटीसह दीड मीटर किंवा त्याहून लांब होतो. त्याच्यासाठी टाकी नव्हे, खोलीच द्यावी लागते.

क्रेस्टेड गेकोचा मोह तुम्हाला नक्की होईल, कारण तो पाण्यात कालवलेल्या तयार फळयुक्त भुकटीवर राहू शकतो आणि शाकाहारी घराला ते फार सोयीचे वाटते. हा न्यू कॅलेडोनियाचा प्राणी १९९४ मध्ये पुन्हा सापडेपर्यंत नामशेष झाला असे मानले जात होते. परंतु त्याला २२ ते २६ अंश तापमान मानवते आणि २८ च्या पुढे त्रास सुरू होतो, त्यामुळे एसीशिवाय ठाण्याचा उन्हाळा त्याला झेपणार नाही.

उरतो लेपर्ड गेको, आणि माझे मत त्याच्याच बाजूने आहे. लांबी २० ते २५ सेंटिमीटर, स्वभाव शांत. शिवाय भिंतीवरच्या पालीसारखे चिकट पंजे नसल्यामुळे तो काचेवर चढून पळून जात नाही. टाकीच्या एका बाजूला ३१ ते ३३ अंशांची उबदार जागा आणि दुसरी बाजू त्याहून थंड, अशी मांडणी हवी. उन्हाळ्यात आपल्या घरात ही ऊब जवळजवळ आपोआप मिळते. हिवाळ्यात आणि पावसाळी रात्री हीट मॅट (टाकीखाली ठेवायची विजेची उबदार चटई) लागते, पण ती थर्मोस्टॅटशिवाय (तापमान नियंत्रित करणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही लावू नये, कारण पोट भाजते. खरी कसोटी जुलै-ऑगस्टमध्ये लागते. मूळ कोरड्या प्रदेशातील हा प्राणी, आणि आपल्याकडे भिंतींनाही ओल येते. त्यामुळे वरून व बाजूने भरपूर हवा खेळेल अशीच टाकी घ्यावी. कात टाकण्यासाठी मात्र ओल्या शेवाळाची एक लहान डबी आत ठेवावी. तळाला वाळू पसरू नये, साधा कागद पुरेसा आहे.

जिवंत किड्यांना मात्र पर्याय नाही. रातकिडे किंवा मीलवर्म (भुंग्यांच्या अळ्या) द्यावे लागतात आणि त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते, अन्यथा हाडे मऊ पडतात. सासूबाईंची संमती मिळाली नाही तर हा विषय इथेच थांबवावा. प्राणी १५ ते २० वर्षे जगतो. तेवढी वर्षे घरात रोज वाद नको.

ऐरोलीकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु कायद्याची बाजू राहून गेली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइटिस करारातील (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) प्रजातींचा समावेश त्याच्या चौथ्या अनुसूचीत करण्यात आला. २०२४ च्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. इग्वाना आणि अ‍ॅक्सोलॉटल दोन्ही साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, ही गोष्ट दुकानदाराने तुम्हाला सांगितली होती का?

लेपर्ड गेकोबाबतही सावध राहावे. त्याच कुळातील जाती महाराष्ट्राच्या रानात आढळतात, म्हणून «परदेशी आहे» एवढ्या तोंडी हमीवर विसंबू नये. प्राणी कुठे पैदास झाला याची पावती लेखी घ्यावी आणि खरेदीपूर्वी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. आणखी एक, मुलांना सांगून ठेवावे असे: येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून पावसाळ्यात बेडूक किंवा सरडा उचलून आणणे हा गुन्हा आहे.

सासूबाईंच्या वयाचाही विचार करावा. सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात आणि पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना त्यांचा धोका अधिक असतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकीतील भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुऊ नयेत.

वाघबीळकर (ठाणे)

दोघांचेही आभार. इग्वाना आणि अ‍ॅक्सोलॉटल आम्ही यादीतून काढले. बेडकाविषयी मात्र कोणी काही लिहिले नाही. दमट हवा त्याला चालेल, मग तो अधिक सोपा नाही का? शिवाय दरवर्षी गणपतीला आम्ही गावी जातो, तेव्हा काय करावे?

पाचपाखाडीची मंडूकमाला

दक्षिण अमेरिकेतील शिंगी बेडूक, ज्याला दुकानात पॅकमॅन म्हणतात, तो आमच्याकडे आहे. नर्सरीत मिळणाऱ्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) अर्धा पुरून घेऊन तो दिवसचे दिवस एकाच जागी बसतो, त्यामुळे दीड फुटाची टाकी पुरते. पावसाळ्यात त्याला काहीच करावे लागत नाही. मे महिन्यात मात्र टाकी घरातील सर्वांत गार खोलीत हलवावी लागते, कारण तिशीच्या पुढे तो खाणे सोडतो.

बेडूक कातडीतून पाणी शोषतो, म्हणून नळाचे पाणी क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच वापरावे आणि विष्ठा दिसताच काढावी, नाहीतर तयार होणारा अमोनिया त्याच्या अंगात जातो. गांडुळे तो आवडीने खातो, पण गांडूळखताच्या पेटीतील तांबडी गांडुळे कडवट द्राव सोडतात आणि आमचा बेडूक ती थुंकून टाकतो.

तरीही तुमच्या मुलीसाठी मी गेकोच सुचवेन. बेडकाला हातात घ्यायचे नसते, समोर हललेले बोट तो खाद्य समजून चावतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला नुसते बघत बसणे फार दिवस रुचणार नाही. सासूबाईंचा विरोध कायम राहिला तर बेडूकही नको, कारण त्यालाही जिवंत खाद्यच लागते.

गणपतीसाठी चिंता नसावी. प्रौढ गेको दोन-तीन दिवसांआड खातो आणि शेपटीत चरबी साठवतो; निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालावे, आणि शेजाऱ्यांना किल्ली देऊन पाण्याची वाटी रोज बदलायला व हीट मॅट लावली असेल तर थर्मोस्टॅटचा आकडा बघायला सांगावे.