मदत हवी आहे: संत्र्यावरची कोळशी सॅटेलाइटच्या फोटोवरून ओळखता येईल का?

वरुडकर

नमस्कार मंडळी. आमची वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे, गावातल्या बागायतदारांचा एक गट आहे आणि त्याचं कॉम्प्युटरचं सगळं काम माझ्याकडे असतं. प्रश्न कोळशीचा आहे. ज्यांचा संत्र्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, काळी माशी नवतीच्या, म्हणजे नव्या कोवळ्या, पानाखाली गोल गोल चकलीसारखी अंडी घालते, पिल्लं तिथंच चिकटून रस पितात आणि त्यांच्या अंगातून जो गोड चिकटा पडतो तो खालच्या पानांवर, फळांवर साचतो आणि त्याच्यावर काळी बुरशी, म्हणजे काजळी, चढते. झाडाला अन्न बनवता येत नाही, बहार कमी होतो, आणि फळ काळं दिसलं की व्यापारी तिथंच भाव पाडतो.

आमची खरी अडचण म्हणजे माशी काही धुरा, म्हणजे शेताचा बांध, पाहून थांबत नाही. मी फवारलं आणि शेजाऱ्यानं नाही फवारलं तर माझा खर्च पाण्यात. म्हणून गटानं मिळून एकाच वेळी फवारायचं ठरवलंय, पण त्याआधी कोणत्या बागेत किती आहे ते कळायला पाहिजे ना, आणि सगळं शिवार पायी फिरून पानं उलटून पाहायला माणसंच मिळत नाहीत. तर वाटलं की सॅटेलाइटवरून निदान एवढं कळलं की आधी कुठल्या बागेत शिरायचं, तरी खूप झालं.

गटानं पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं होतं. डिसेंबरात त्यानं अर्धं शिवार लाल दाखवलं आणि सगळ्यांना कीड-रोगाचा मेसेज गेला. अहो बागा ताणावर होत्या! जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या अंबिया बहारासाठी पाणी तोडलंय तर पानं मलूल होणारच. त्या मेसेजवरून दोघातिघांनी ताणावरच्या बागेत फवारणी केली. आणि नाल्याकाठची दाट बाग, जिथं कोळशीनं झाडं काळीठिक्कर झालीयेत, ती नकाशात हिरवीगार. कंपनीला विचारलं तर म्हणतात एनडीव्हीआय (सॅटेलाइटच्या फोटोवरून काढलेला हिरवेपणाचा इंडेक्स) कमी म्हणजे पीक आजारी. हे मला पटून नाही राहिलं.

माझा मुद्दा असा आहे की काजळी आलेलं पान अंगठ्यानं घासलं तर काजळी निघते आणि खालचं पान हिरवंच असतं. म्हणजे पान मेलेलं नाही, झाकलेलं आहे. मग आजारी पान शोधणारा इंडेक्स इथं चालेल का? सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाइटचा डेटा फुकट आहे, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मला बऱ्यापैकी येतं. नेमका कोणता बँड, म्हणजे प्रकाशाचा कोणता पट्टा, पाहू, कोणत्या महिन्यात पाहू, आणि ताण, डिंक्या (खोडातून डिंक येणारा रोग), शेंडेमर (शेंड्याकडून फांद्या वाळणं) यातून कोळशी वेगळी कशी काढू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

नकाशेवाला

वरुडकर भाऊ, तुमची शंका बरोबर आहे. मी रिमोट सेन्सिंगमध्ये काम करतो, कापूस-सोयाबीन जास्त पण लिंबूवर्गीयवर थोडं वाचलंय.

कोळशी ही विमानातून दिसणाऱ्या अगदी सुरुवातीच्या किडींपैकी आहे. अमेरिकेत टेक्सासच्या संत्रा-मोसंबीच्या बागांवर हार्ट आणि मायर्स यांनी १९६८ साली इन्फ्रारेड कलर फिल्मवर विमानातून फोटो काढून एका खवले किडीची झाडं ओळखली होती, आणि १९७३ मध्ये हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच पद्धत तुमच्या याच काळ्या माशीसाठी वापरली. कीड नाही दिसत, काजळी दिसते. निरोगी पान डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत पाठवतो, त्या फिल्मवर ते झाड लालभडक येतं, आणि काजळीचं झाड काळपट. पुढे १९९४ च्या सुमारास हेच काम विमानातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं आणि जीपीएस लावून केलं गेलं.

म्हणून एनडीव्हीआयच्या मागे लागू नका. तो गुणोत्तरावर चालतो. लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही एकदम काळवंडले तर गुणोत्तर जितकं पडायला पाहिजे तितकं पडत नाही. नुसता इन्फ्रारेडचा बँड, म्हणजे बी८, उघडून पाहा. सोबत बी११, म्हणजे पानातल्या पाण्याचा अंदाज देणारा लांबच्या इन्फ्रारेडचा बँड, ठेवा. ताणावरच्या बागेत पानातलं पाणी कमी झालं की बी११ वर चढतो. काजळीत बी८ खाली येईल पण बी११ चढायला काही कारण नाही. हा फरक सगळ्यात कामाचा.

आता वाईट बातमी. बी८ चा पिक्सेल १० मीटरचा. तुमची लागवड ६ बाय ६ मीटर असेल तर एका पिक्सेलमध्ये पावणेतीन झाडं आणि मधली सगळी जमीन. बी११ तर २० मीटरचा, त्यात अकरा झाडं. मधे हिरवं गवत किंवा सोयाबीन असलं की सॅटेलाइटला तेच दिसतं, तुमची नाल्याकाठची बाग हिरवी येण्याचं हेही एक कारण असू शकतं. एकेक झाड विसरा, बागेचा काळवंडलेला कोपरा मिळू शकतो.

बागवान मोर्शी

मला बँड-बिंड कळत नाही पण वेळेचं सांगतो. आपल्याकडे कोळशीच्या वर्षात तीन पिढ्या, अंबिया, मृग (जून-जुलै) आणि हस्त (सप्टेंबर-ऑक्टोबर) बहाराच्या नवतीवर. मृगाच्या वेळी आभाळच असतं, फोटो काय येणार. हस्ताची पिढी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आभाळ मोकळं आणि बाग अजून ताणावर गेलेली नसते. दिवाळीच्या आगेमागे पाहा. दुसरी संधी एप्रिल-मेमध्ये, तेव्हा गवत वाळलेलं असतं, खाली हिरवं काही नाही, जे हिरवं ते झाडच.

आणि एक लक्षात ठेवा भाऊ, काजळी दिसली म्हणजे पिल्लं मोठी झाली, कदाचित उडूनही गेली. फवारणीची खरी वेळ अंडी फुटताना असते, त्याला पान उलटूनच पाहावं लागतं. नकाशावर काळं दिसलं म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नका.

वरुडकर

दोघांचेही खूप आभार, मेसेजमागे धावून फवारण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं आहे. बागवान दादा, तुमचं बरोबर आहे, नकाशा फवारणीसाठी नाही, कुठं जाऊन पान उलटायचं ते ठरवण्यासाठी वापरू. काळी बाग सापडली म्हणजे पुढच्या नवतीला माशी तिथूनच उठणार, तर तिथं आधी माणूस पाठवायचा.

अजून दोन गोष्टी विचारतो. रडार सॅटेलाइट ढगातून पाहतं म्हणतात, मग मृगात ते चालेल का? आणि ड्रोनवाला मल्टिस्पेक्ट्रल (इन्फ्रारेडसकट वेगवेगळे बँड टिपणारा) कॅमेरा भाड्यानं आणावा का, की साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोननं भागेल?

नकाशेवाला

रडार नाही चालणार. ढगातून पाहतं हे खरं, पण त्याला झाडाचा आकार आणि ओल कळते, पान काळं की हिरवं ते कळत नाही.

ड्रोन सगळ्या शिवारावर नको, सेंटिनेलनं जे कोपरे दाखवले तेवढ्यावरच उडवा. काजळी डोळ्यालाही काळी दिसते त्यामुळे साध्या कॅमेऱ्यानंही बरंच कळेल, पण सावली आणि काजळी यात घोटाळा होतो. म्हणून दुपारी बाराच्या आसपास उडवायचं. मल्टिस्पेक्ट्रल आणलाच तर उडवण्याआधी कॅलिब्रेशन पॅनलचा (किती उजेड परत पाठवते ते माहीत असलेल्या पाटीचा) फोटो घ्यायला लावा, भाड्यानं देणारे ते टाळतात आणि मग दोन दिवसांचे फोटो एकमेकांशी जुळवता येत नाहीत. सरकारच्या ड्रोन नकाशातल्या ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांच्या खाली उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आपलं शिवार एकदा तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीवरची नोंद. फक्त कोळशीची झाडं लिहू नका. निरोगी, डिंक्याची, शेंडेमरची, ताणावरची, सगळी लिहा, नाहीतर कॉम्प्युटर प्रत्येक वाईट झाडाला कोळशी म्हणेल, तुमच्या अ‍ॅपनं तेच केलं. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, म्हणजे शेजारचंच झाड नोंदलं जाईल, त्यापेक्षा ओळ नंबर आणि झाड नंबर लिहा. पानं चारही बाजूंनी आणि आतल्या फांद्यांची उलटून पाहा, कोळशी आत सावलीत जास्त असते. नोंदी जमल्या की नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र (रिमोट सेन्सिंगची सरकारी संस्था) दोन्ही आहेत, वही घेऊन जा. नुसती कल्पना सांगण्यापेक्षा वही दाखवली तर बोलणं पुढे जातं.

वरुडकर

हे करतोच. दिवाळीआधी गटातल्या बागांच्या सीमा क्यूजीआयएसमध्ये आखून ठेवतो, बी८ आणि बी११ मागच्या तीन वर्षांच्या त्याच पंधरवड्याचे काढतो, म्हणजे प्रत्येक बागेची तुलना तिच्याच जुन्या फोटोशी होईल. नोंदीसाठी ओळ, झाड, पानाखाली अंडी-पिल्लं, काजळी, गवत आणि शेवटचं पाणी कधी दिलं एवढे रकाने केलेत, काही राहिलं असेल तर सांगा.

काटोल, नरखेड, मोर्शीकडच्या कोणाकडे कोळशीची तारखेसकट जुनी नोंद असेल, साध्या वहीत लिहिलेली असली तरी चालेल, तर इथं कळवा. एका गावाच्या नोंदीवर बसवलेलं दुसऱ्या गावात चालतं का ते तपासायला लागेल, आमच्याकडची काळी भारी जमीन आणि तिकडची हलकी यात फोटोत खूप फरक पडतो. तुमच्या बागेचा नकाशा मी बनवून देईन, पैसे नकोत.