मदत हवी आहे: मोठ्या टँकमध्ये हलवल्यापासून गोल्डफिश वरच तरंगतायत, अमोनिया २ पीपीएम

नमस्कार. आमच्याकडे चार गोल्डफिश आहेत, तीन वर्षांपासून. दोन फुटी टँक त्यांना अपुरा पडायला लागला म्हणून दिवाळीनंतर पैसे साठवून ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टँक करून घेतला. काठापासून थोडं खाली भरलं तर साधारण १४० लिटर पाणी बसतं. गेल्या रविवारी मासे त्यात सोडले.

नवीन घर स्वच्छ असावं म्हणून मी जुनी खडी गरम पाण्याने धुऊन दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली. फिल्टरचा स्पंज काळा झाला होता, तो नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. पाण्यात दुकानातलं अँटिक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकलं, एक रात्र पंप चालू ठेवला आणि मग मासे सोडले. पहिले दोन दिवस इतके आनंदात फिरत होते की मुलगी शाळेतून आली की दप्तरसुद्धा न काढता टँकसमोर बसायची.

बुधवारी सकाळी सगळ्यात मोठा, ज्याला आम्ही भोपळ्या म्हणतो, तो कोपऱ्यात फिल्टरचं पाणी पडतं तिथे वर तोंड काढून उभा होता. कल्ले भराभर हलत होते. शेपटीच्या पातळ भागात लाल रेघा दिसल्या, त्या आधी नव्हत्या. थेंबांचं टेस्ट किट आणलं. नळीत पिवळं राहायला हवं होतं, ते पाच मिनिटांत हिरवं झालं. अमोनिया २ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन. नायट्राइट शून्य, पीएच ७.८, पाणी २६ अंश.

तेव्हापासून रोज एक बादली पाणी बदलतेय, आकडा हलत नाही. जास्त पाणी बदललं तर चांगले जिवाणू जातील असं दुकानदार म्हणाले. परत जुन्या टँकमध्ये घालू का? रोज किती पाणी बदलू? खायला द्यायचं की नाही? ही माझीच चूक आहे हे कळतंय, पण मासे जायला नकोत. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:

ताई, आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा. आत्ता निम्मं पाणी बदला, चार-पाच तासांनी परत निम्मं. २ चा १ होईल आणि मग ०.५ च्या आसपास येईल. १४० लिटरमध्ये एक बादली म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा, तेवढा अमोनिया चार गोल्डफिश एका दिवसात परत तयार करतात. नवीन पाणी बादलीतच अँटिक्लोर घालून घ्या आणि हात घालून बघा, टँकइतकंच कोमट हवं.

पाणी बदलल्याने जिवाणू जात नाहीत. ते पाण्यात फारसे नसतातच, स्पंजला आणि खडीला चिकटून राहतात. तुमच्या स्पंजचा तो काळा थर म्हणजेच त्यांचं घर होतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट तेच करतात. नळाच्या क्लोरीनने आणि उन्हाने ते गेले. म्हणून जुन्या टँकमध्ये परत घालू नका. तिथेही आता जिवाणू नाहीत, आणि पाणी कमी म्हणजे अमोनिया आणखी लवकर वाढेल.

पीएच ७.८ असल्यामुळे घाई करायला सांगतोय. किट जो आकडा दाखवतं त्यातला थोडाच भाग माशाला जाळणारा असतो, पण ७ च्या तुलनेत ७.८ ला तो भाग सहापटीच्या आसपास होतो. तरी पीएच खाली आणायची औषधं टाकू नका, त्या उलथापालथीने मासे जास्त खचतात.

साधं अँटिक्लोर फक्त क्लोरीन घालवतं, अमोनियाला हात लावत नाही. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर मिळालं तर घ्या. ते घातल्यावरही किटचा रंग हिरवाच दिसू शकतो, घाबरू नका. नळाचं पाणीसुद्धा एकदा तपासा.

दोन दिवस खाणं बंद. मोठ्या गोल्डफिशला काही होत नाही. नंतर दिवसातून एकदा चिमूटभर. एअर पंप रात्रंदिवस चालू, कारण जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो.

ओळखीत कुणाचा जुना, चालता टँक असेल तर त्यांचा मळका स्पंज मागून आणा आणि न धुता तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. तसं नाही मिळालं तर चार ते सहा आठवडे रोज तपासून पाणी बदलत राहावं लागेल. मध्ये नायट्राइट चढेल, तेव्हा त्याचा माशांना त्रास कमी व्हावा म्हणून लिटरमागे १ ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घाला. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खडे) ठेवला असेल तर मात्र मीठ नको, धरलेला अमोनिया तो परत सोडतो.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. काल दोनदा निम्मं पाणी बदललं. आज सकाळी ०.५ आहे. भोपळ्या वरून खाली उतरलाय, खडीत तोंड घालतोय. लाल रेघा आहेत, पण वाढलेल्या नाहीत. नळाचं पाणी तपासलं, त्यात अमोनिया शून्य आला.

शेजारच्या काकूंचा गप्पींचा टँक दोन वर्षं चालू आहे, त्या स्पंज द्यायला तयार आहेत. पण महिन्यापूर्वी त्यांच्या माशांना पांढरे ठिपके आले होते आणि त्यांनी औषध टाकलं होतं. आता मासे ठीक दिसतात. तो स्पंज आणू का, की थांबू?