मदत हवी आहे : आईचा चालण्याचा वेग घरी कसा मोजायचा?

आई ७१ वर्षांची. पडलेली वगैरे नाही, पण वर्षभरात चाल मंदावल्यासारखी वाटते. विचारलं तर म्हणते, "तूच धावतोस." म्हटलं, आकडाच काढू.

सकाळी पॅसेजमध्ये टेपने ४ मीटर मोजून खडूने रेघा मारल्या. नेहमीसारखं चालायला सांगितलं, ५ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर. संध्याकाळी पार्किंगमध्ये १० मीटर ९ सेकंदांत, म्हणजे १.११! बाई तीच, चपला त्याच. सार्कोपेनियात (वयामुळे स्नायू आणि त्यांची ताकद घटते त्यात) ०.८ ही धोक्याची रेघ असं वाचल्यापासून झोप उडालीय. भरभर चालवलं तर १० मीटरला ७ सेकंद, पण "मागे वाघ लागलाय का?" म्हणत ती मध्येच हसायला लागली. खरा आकडा कुठला धरू?

प्रतिसाद, फिजिओवाली:
पॅसेजमध्ये आई रेघेवर उभ्या राहून निघाल्या आणि दुसऱ्या रेघेवर थांबल्या ना? मग ४ मीटरमधले बरेचसे वेग घेण्यात आणि आवरण्यातच गेले. पार्किंगमध्ये १४ मीटर आखा, घड्याळ फक्त मधल्या १० ला लावा. तुम्ही शेजारून चालू नका, माणूस नकळत सोबतच्याची चाल पकडतो. अर्धं पाऊल मागे राहा. दोनदा सहज चाल, मग दोनदा "जमेल तितकं भरभर, पण पळायचं नाही". दर वेळी हेच शब्द. (वाघ नको.)

१९९७ मध्ये बोहॅनन या संशोधकांनी अमेरिकेतल्या २३० जणांची चाल मोजली होती. त्यात सत्तरीतल्या बायकांची सरासरी सहज १.२७, भरभर १.७५. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सार्कोपेनियासाठी १.० खालचा वेग मंद धरला, तोही ६ मीटर चालवून. त्यामुळे ०.८ च्या वर आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका.

प्रतिसाद, जुना कारकून:
शिवाय ४ मीटरला बटण दाबताना पाव सेकंद उशीर झाला की ०.८ चे ०.७६ होतात. लांब अंतरच बरं.

धागाकर्ता:
आज तसंच मोजलं. सहज ८.८ आणि ८.६ सेकंद, म्हणजे १.१५. भरभर ६.४ दोन्ही वेळा, १.५६. पुन्हा कधी मोजू?

फिजिओवाली:
तीन महिन्यांनी. जागा तीच, चपला त्याच, वेळही तीच. सहज वेग ०.१ ने घसरला तर डॉक्टरांना दाखवा, आणि हे दोन्ही आकडे लिहून न्या.