डोक्यातल्या उवा: या, न लाजता लिहा (अनुभव धागा)

काल रविवारी लेकीचे केस विंचरत होते, पांढऱ्या टॉवेलवर काहीतरी पडलं आणि चालायला लागलं. आधी वाटलं मुंगी. मुंगी कुठली! आणि किंचाळायचं सोडून मला एकदम लालबागची आमची गॅलरी आठवली. मे महिन्यातली दुपार, आजी भिंतीला टेकून बसलेली, मी तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे, समोर जुन्या लुगड्याचा पांढरा तुकडा पसरलेला, हातात लाकडी फणी. ऊ सापडली की दोन अंगठ्यांच्या नखांत धरून टक्क. आम्ही पोरी टक्क मोजायचो. शेजारच्या खोलीतलीशी पैज होती, मी ४१ ला जिंकले. आईला कळलं तेव्हा बक्षीस म्हणून पाठीत धपाटा.

तेव्हा चाळीत कोणी लपवायचं नाही हो. आणि काल मी शाळेच्या ग्रुपवर सांगावं की नाही म्हणून तासभर टाईप करून डिलीट करत बसले. शेवटी टाकलं. ग्रुपवर सगळं चिडीचूप, पण रात्रीत सात आयांचे वेगळे मेसेज, "आमच्याकडेही आहेत, कोणाला सांगू नका." केमिस्टकडून लोशन आणून कालच लावलंय. तुमचे अनुभव लिहा.

मुलुंडची_मावशी
अगं एकदा लावून थांबू नकोस!! आम्ही तेच केलं आणि दहाव्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. डॉक्टर म्हणाले औषधाने उवा मरतात पण सगळ्या लिखा मरत नाहीत, त्या ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी परत लावायचं. आमचं १ टक्का परमेथ्रिनचं होतं, शाम्पू करून टॉवेलने टिपलेल्या केसांना, १० मिनिटं, मग धुवून टाकायचं, आधी कंडिशनर अजिबात नाही. तुझ्या बाटलीवर काय लिहिलंय ते नीट वाच. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी बघ, नवऱ्याचं पण.

चहा_कमी_साखर
हिंदीत म्हणतात ना कानावर ऊ सरकत नाही, आमच्याकडे खरोखर सरकली, ऑफिसच्या मीटिंगमधे 😭 पोरीने दिलेली भेट. नवरा टकला, तो मजेत.

गिरगावकर_बाबा
बाबा लोकांनी लिहिलं तर चालतं ना. बायकोची नाईट शिफ्ट, त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलं. मुलगी पाच वर्षांची, औषध लावायला जिवावर येत होतं, म्हणून नुसतं विंचरून काढल्या. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडायचा, चिमट्यांनी चार भाग करायचे, स्टीलच्या बारीक दातांच्या फणीने अगदी मुळापासून टोकापर्यंत ओढायचं आणि दर वेळी टिश्यूला पुसून बघायचं. तीन-चार दिवसांनी परत, असे दोन आठवडे, त्यानंतरही एकदा काही मिळत नाही ना बघायचं. सकाळी गच्चीवर उन्हात बसायचो, घरच्या ट्यूबलाईटमधे लिखा दिसतच नाहीत. कोंडा आणि लिख यात फरक सोप्पा आहे, कोंडा फुंकरीने उडतो, लिख केसाला चिकटलेली असते, नखाने ओढून काढावी लागते. त्या पाऊण तासात शाळेतल्या कोणाचं कोणाशी भांडण झालं सगळं मला कळायचं. उवा गेल्यावर पोरगी विचारते, बाबा आज गच्चीवर नाही जायचं?

परळची_पोर
लालबागला कुठे गं तुम्ही? गणेश टॉकीजच्या बाजूला का? माझं आजोळ तिथेच, आता टॉवर झालाय.

धागाकर्ती
अगं त्याच्या मागेच! आमचीही पाडली. गॅलरी गेली तिथेच सगळं गेलं बघ. आता बत्तिसाव्या मजल्यावर राहतात म्हणे तीच माणसं, शेजारच्याचं नाव माहीत नाही.

सीमा_बोरिवली
कोणी सीताफळाच्या बिया वाटून लावू नका प्लीज. आईने लहानपणी मला लावल्या होत्या, धुताना पाणी डोळ्यात गेलं, डोळा असा लाल की दोन दिवस उघडता येईना. आणि वर आईच रडत होती.

मुलुंडची_मावशी
रॉकेलचं पण तेच. आमच्या शेजारी लावायचे, गॅस तीन फुटांवर! शिवाय कातडी भाजते ती वेगळी. डांबराच्या गोळ्या पण नको, मुलांना विषारी.

नुसतीच_वाचते
पहिल्यांदाच लिहितेय. १९९४ ला उवा झाल्या म्हणून आईने न्हाव्याकडे नेऊन माझे कमरेपर्यंतचे केस बॉयकट करून आणले. गॅदरिंगला राधा व्हायचं होतं. मला पेंद्या केलं.

चहा_कमी_साखर
पेंद्या 😂 सॉरी सॉरी. ये तुला मिठी. (डोक्याला डोकं न लावता.)

ठाणे_फास्ट
तेच तर, डोक्याला डोकं लागूनच जाते ती. उडत नाही, उडी मारत नाही, नुसती चालते. आमच्या दोघी एका मोबाईलवर माना घालून बसतात तिथेच एकीकडून दुसरीकडे. माझी सासू मात्र गाद्या, पडदे, सोफा सगळं धुवायला निघाली होती. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते, तेव्हा उशीचे अभ्रे, टॉवेल, टोप्या गरम पाण्यात टाकल्या की बास. आणि "घाणेरड्यांना होतात" म्हणणाऱ्यांना सांगा, माझी पोर रोज न्हाते. आता शाळेत घट्ट दोन वेण्या, मोकळे केस बंद. फणी दादर स्टेशनबाहेरून घेतलेली, प्लास्टिकची नका घेऊ, दात फाकतात.

परळची_पोर
धागा वाचता वाचता डोकं खाजवलं का कोणी? मी तर लोकलमधे खाजवतेय, बाजूची बाई सरकून बसली. चौथी सीट पूर्ण मिळाली आज, पहिल्यांदा आयुष्यात.

धागाकर्ती
😂😂 बरं एक अडचण. नववा दिवस येतोय पुढच्या मंगळवारी, लेकीचा जन्मवार, सासूबाई म्हणतात जन्मवारी डोक्यावरून पाणी नाही. सोमवारी लावलं तर?

मुलुंडची_मावशी
लाव की, आठवा दिवस होतो. सासूबाईंचं डोकं बघितलंस का पण?

धागाकर्ती
बघू देत नाहीयेत. पदर घेऊन बसल्यात.