मदत हवी आहे: स्वतःच्या फोनवर कंपनीचं ॲप टाकायची सक्ती करता येते का?

एचआरचा मेल आलाय की हजेरीसाठी सगळ्यांनी आपापल्या फोनवर कंपनीचं ॲप टाकायचं, आणि टाकायला गेलं की ते लोकेशन चोवीस तास मागतं, वर फोनचे ॲडमिन अधिकारही, म्हणजे उद्या नोकरी सोडली तर हे लांबूनच अख्खा फोन पुसू शकतात, घरच्या फोटोंसकट. फोन माझा, रिचार्ज माझा, मग हे काय! अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल (कामाच्या ॲप्सचा वेगळा कप्पा) करता येतं, त्यात कंपनीला फक्त तिचाच डेटा पुसता येतो, पण आयटीवाले म्हणतात तसं चालणार नाही. ऑफर लेटरमध्ये 'कंपनीची धोरणं मान्य' एवढीच ओळ आहे, ती संमती धरतात का? नकार दिल्यावर गैरहजेरी लावली तर? कुणी लेखी नकार दिला असेल तर कसा लिहिला ते सांगा प्लीज. 'नोकरी बदल' सोडून काहीही सुचवा.