छपरावर सोलर पुरेसं नाही

कुणी तरी लिहिलंय की घराघरावर सोलर बसवलं की गोव्याचा हवामान बदलाचा प्रश्न सुटला. सोलर हवंच. गोव्याची बरीचशी वीज आजही कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या कोळशाच्या प्रकल्पांतून येते. धूर तिथल्या लोकांनी खायचा आणि दिवे आपल्याकडे, हे मला पटत नाही. ३ किलोवॉटला केंद्राचं ७८,००० रुपयांचं अनुदानही आहे.

पण मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवा. आमच्या पेडण्यात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी ग्रीडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, जोडलेलं साधं सोलर लख्ख उन्हातही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ग्रीड गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून निदान आरोग्य केंद्रं, पाण्याचे पंप आणि पंचायतींना तरी ग्रीड गेली तरी बॅटरीवर चालणारी हायब्रिड यंत्रणा द्या. माझ्या मते अनुदानात पहिला हक्क त्यांचा.

आणि खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल शेतं! भरतीचं पाणी आलं की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या वाटेची, दारं त्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. ना वीज, ना डिझेल. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग खारट जमिनीत तग धरणारा कोरगुट हा भातसुद्धा हातचा जातो. समुद्र वाढतोय, बांधांची डागडुजी मात्र मागे पडतेय. हवामान बदलाच्या निधीतला मोठा वाटा आधी या बांधांना आणि त्यांच्यापुढच्या खारफुटीला मिळायला हवा.